बोलणं जाण्याआधी: मेंदूत गाठ झालेल्या एका रुग्णाचं आणि त्याच्या घराचं प्रकरण

मेंदूच्या गाठीच्या रुग्णाकडे पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करून रुग्णाला आणि घराला आधार देणारं, आमच्यासारखं पथक बहुतेक वेळा फार उशिरा पोहोचतं. तोवर रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, बोलणं गेलेलं असतं, घरचे थकलेले असतात आणि हातातल्या जाडजूड फाइलच्या शेवटच्या पानावर 'घरी न्या, सेवा करा' एवढंच लिहिलेलं असतं. त्या टप्प्यावरही दुखणं, फिट, पाठीच्या जखमा यांवर बरंच काही करता येतं. पण या माणसाला स्वतःला काय हवं आहे, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये माणूस शेवटच्या आठवड्यापर्यंत आपलं मत सांगू शकतो. मेंदूच्या गाठीत मत बनवणारा आणि ते सांगणारा अवयवच आजारी असतो. त्यामुळे या आजारात बोलण्याची मुदत आयुष्याच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपते. या घरात ती संपण्याआधी आम्ही पोहोचलो आणि त्यानं पुढचं सगळं बदललं, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे.

ओळख पटू नये यासाठी गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. एकसारख्या दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्रही आणल्या आहेत. रुग्णाला इथे तात्या म्हणतो, त्यांच्या पत्नीला ताई.

आजाराची हकिगत

तात्या ५१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात वायरमन. ताई अंगणवाडी सेविका. मुलगी साताऱ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात तात्यांच्या आई, आणि अंगण ओलांडलं की धाकट्या भावाचं घर.

सुरुवात शब्दांपासून झाली. खांबावर चढलेले असताना तात्यांना पक्कड हवी होती आणि ते खालच्या हेल्परला 'पाणी दे' म्हणाले. तो बाटली घेऊन उभा राहिला, तर तात्या चिडले. मग तक्रारींचे मीटर नंबर लिहून घेताना आकडे उलटसुलट होऊ लागले. कामाचा ताण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. एका पहाटे अंथरुणातच फिट आली, सगळं अंग ताठ होऊन झटके. आजींनी चप्पल हुंगवली, भावानं दातात चमचा घालायचा प्रयत्न केला. तालुक्याला सीटी स्कॅन, तिथून पुण्याला एमआरआय. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानामागून पुढे कपाळाकडे सरकलेली सुमारे पाच सेंटिमीटरची गाठ आणि तिच्याभोवती बरीच सूज.

ऑपरेशनमध्ये गाठीचा बराचसा भाग काढला. भाषेच्या केंद्रालगतचा भाग सर्जननी जाणूनबुजून ठेवला. तो काढला असता तात्या त्याच दिवशी मुके झाले असते. रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४ म्हणजे सर्वांत घातक श्रेणी; आयडीएच जनुकात बदल नाही, हेही वाईटच लक्षण. प्रौढांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या घातक गाठींत ही सर्वांत जास्त आढळणारी, आणि सर्वांत आक्रमक गाठींपैकी एक. पुढचे उपचार ठरलेले होते: सहा आठवड्यांत ३० वेळा शेक (रेडिएशन), सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या, आणि नंतर दर २८ दिवसांतले पाच दिवस त्याच गोळ्या, अशा सहा फेऱ्या. २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीपासून हाच उपचार जगभर दिला जातो. त्या चाचणीत नुसते शेक घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. गोळ्या जोडल्यावर तो आकडा १४.६ महिन्यांवर गेला. दिलासा आहे, पण अडीच महिन्यांचा.

हा आकडा घरात फक्त भावाला माहीत होता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन 'वर्ष-दीड वर्ष धरून चाला' असं सांगितलं होतं. ताईंना 'गाठ काढली, आता शेक दिले की झालं' एवढंच कळलं. तात्यांना कुणीच काही सांगितलं नाही. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि त्यामागे मायाच असते. पण या आजारात त्या मायेची किंमत मोठी असते, कारण आज लपवलेलं उद्या सांगू म्हटलं तर उद्या समजून घेणारा शाबूत असेलच असं नाही.

आम्ही कसे पोहोचलो

शेक संपून गोळ्यांची दुसरी फेरी चालू असताना गावातल्या आशाताईंचा फोन आला. 'तात्यांना संडासात बसल्यावर उठता येईना. गाठ परत आली म्हणून सगळं घर रडतंय.'

घरी गेल्यावर पहिली गोष्ट दिसली ती त्यांचा चेहरा, गोल आणि भरलेला. शेजारी म्हणत होते तब्येत सुधारली. दोन्ही मांड्या सारख्याच कमजोर, पण हाताची पकड घट्ट. माझी बोटं त्यांनी चांगलीच दाबली. गाठ डावीकडे होती. ती वाढली असती तर आधी उजवा हात आणि उजवा पाय गेला असता. दोन्ही मांड्यांची एकसारखी कमजोरी वेगळी गोष्ट सांगत होती. गोळ्यांची पिशवी उलटी केली. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, दिवसाला ८ मिलिग्रॅम, ऑपरेशनपासून अखंड. रक्तातली साखर ३४० निघाली. तोंडात पांढरा थर, म्हणून जेवण झोंबायचं. शेवटचा डोस रात्री जेवणानंतर, म्हणून तात्या रात्रभर टक्क जागे, आणि ते जागे म्हणून ताईही.

डेक्सामेथासोन हे या आजारातलं फार मोलाचं औषध आहे. गाठीभोवतीची सूज ते एक-दोन दिवसांत उतरवतं. डोकेदुखी थांबते, अडलेला शब्द कधी कधी परत येतो. पण ते जितकं लागेल तितकंच आणि लागेल तितकेच दिवस द्यायचं असतं. जास्त दिवस चाललं की मांड्या-खांद्यांचे स्नायू झिजतात, साखर चढते, झोप उडते, स्वभाव तापट होतो. एकदम बंद केलं तर तेही धोक्याचं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आम्ही ते काही आठवड्यांत पायरीपायरीनं २ मिलिग्रॅमवर आणलं. डोस सकाळी, फार तर दुपारपर्यंत, संध्याकाळनंतर नाही. तोंडासाठी बुरशीचं औषध दिलं, साखरेच्या गोळ्या सुरू केल्या. भावाच्या ओळखीच्या सुतारानं प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून ती संडासाच्या भांड्यावर घट्ट बसवून दिली, भिंतीला धरायला लोखंडी पाइप लावला. महिनाभरात तात्या आपले आपण उठू लागले.

मला या भेटीबद्दल एक ठामपणे सांगायचं आहे. गाठीवरचे उपचार पूर्ण जोमात चालू असताना जे झालं ते पॅलिएटिव्ह केअरच होतं. 'आता काही उरलं नाही' म्हणून कुणी आम्हाला बोलावलं नव्हतं. २०१० मध्ये जेनिफर टेमेल यांच्या अभ्यासात, फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये निदानापासूनच ही सेवा मिळालेल्या रुग्णांचं रोजचं जगणं सुसह्य झालं आणि ते थोडे जास्तही जगले. मेंदूच्या ग्लायोमा गाठींसाठी (ग्लायोब्लास्टोमा त्यांतलीच एक) युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या सेवेचा विचार आजाराच्या पहिल्या टप्प्यापासून केला आहे. तरी आपल्याकडे 'पॅलिएटिव्ह' म्हटलं की घरच्यांना आशा संपल्याचं पत्र आल्यासारखं वाटतं.

ताई जे एकट्या असतानाच बोलल्या

काळजी घेणाऱ्या माणसाला रुग्णासमोर 'तुम्ही कशा आहात?' विचारलं तर 'मी बरी आहे' हेच उत्तर येतं. म्हणून आमच्या सिस्टर प्रत्येक घरात काहीतरी निमित्त काढून त्या माणसाशी बाहेर बोलतात. ताईंशी बोलणं झालं मागच्या दाराशी, भांडी घासताना.

'आयुष्यात कधी हात उगारला नाही ह्यांनी,' ताई म्हणाल्या. 'परवा ताट फेकलं. त्याच्या आधी माझा दंड धरून पिळला. पोरीला सांगितलं नाही, भावजींना तर नाहीच.' दंडावर निळा डाग होता. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, 'हे इथंच आहेत हो. पण माझे हे कुठं गेले?'

अमेरिकेतल्या पॉलिन बॉस या अभ्यासकानं या अनुभवावर आयुष्यभर काम केलं आहे: माणूस डोळ्यांसमोर आहे आणि तरी हरवला आहे, अशा वियोगाचं दुःख. या दुःखाला सुतक नसतं, भेटायला येणारे नसतात, रडायची सोय नसते. उलट लोक म्हणतात, 'नशीबवान आहेस, नवरा आहे अजून.' मेंदूच्या गाठीत घरच्या माणसावर पडणारं ओझं इतर कॅन्सरपेक्षा वेगळं असतं ते इथे. कॅन्सरची सगळी भीती असते, आणि तिच्यावर स्मृतिभ्रंशासारखं वागणं, अर्धांगवायूसारखं अंग आणि फिटचा सततचा धाक.

तात्यांच्या रागामागे तीन कारणं असू शकत होती: कपाळामागच्या भागाकडे सरकलेली गाठ, डेक्सामेथासोन आणि फिटसाठी चालू असलेलं लेव्हेटिरासेटॅम. हे शेवटचं औषध चांगलं आहे, पण काही रुग्णांत ते चिडचिड आणि आक्रमकपणा वाढवतं. न्यूरोलॉजिस्टशी बोलून, ईसीजी काढून, हळूहळू लॅकोसामाइडवर बदल केला. डेक्सामेथासोन तोवर उतरत होतंच. राग पूर्ण गेला नाही, पण हात उगारणं थांबलं. त्याआधीच्या काळासाठी सिस्टरनी ताईंना काही गोष्टी सांगून ठेवल्या: चिडल्यावर वाद घालायचा नाही, त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहायचं नाही, विळी-सुरी वरच्या फळीवर, आणि वाटलं की लगेच जावेला हाक. हे असं बोलणं घरात कुणालाच नको असतं. पण न बोलल्यामुळे मार खात राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून आम्ही प्रत्येक घरात विचारतो.

ताईंचं स्वतःचं ब्लड प्रेशर १७०/१०० निघालं. गोळ्या महिन्यापूर्वीच संपल्या होत्या. 'ह्यांच्याच गोळ्यांचा हिशोब राहतो,' त्या म्हणाल्या. त्यांच्या गोळ्या आम्ही तात्यांच्याच डब्यात, वेगळ्या रंगाच्या झाकणाखाली ठेवल्या. आठवड्यातल्या दोन दुपारी जाऊबाई तात्यांपाशी बसणार आणि ताई अंगणवाडीचे रजिस्टर पुरे करायला जाणार, असं ठरलं. त्यावर आजी म्हणाल्या, 'नवरा असा पडलेला आणि ही बाहेर चालली.' त्यांना समजावायला वेळ लागला. मुलाच्या आजारानं मोडून पडलेली ती बाई सुनेवर राग काढत होती, कारण काढायला दुसरं कुणी नव्हतं. आजींना तात्यांना चहा पाजायचं आणि पायाला तेल लावायचं काम ठरवून दिलं. त्यानंतर घरातली धार बरीच कमी झाली.

गावातून सल्ले येतच होते: अमक्या गावचं औषध, तमक्या देवाचा अंगारा. अंगाऱ्याला आम्ही कधी हरकत घेतली नाही. एका पुडीतल्या काळ्या चूर्णाला मात्र घेतली, कारण त्यात काय आहे ते सांगायला कुणी तयार नव्हतं आणि टेमोझोलोमाइडच्या फेऱ्यांत लिव्हर आणि रक्तपेशींना जपावं लागतं.

फिटसाठी ताईंना आणि मुलीला सराव करून दिला. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक आल्या, तर मिडाझोलामचा फवारा नाकात. वजनाप्रमाणे किती फवारे ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलं. आम्ही आणि तालुक्याचं रुग्णालय यांचे नंबर त्याखाली. हा कागद लागल्यापासून मी पाहिलं, ताई रात्री थोडं तरी झोपू लागल्या.

दोन सकाळींचं बोलणं

चौथी फेरी होईपर्यंत तात्यांचे शब्द आणखी आटले. पण समज बरीच होती. अॅफेझियाचा, म्हणजे वाचा गेलेला, रुग्ण विचारही करू शकत नाही असं घरचे आणि कधी कधी डॉक्टरही धरून चालतात. ते तपासून बघावं लागतं.

वेळ सकाळी दहाची निवडली, सकाळच्या डोसनंतर ते सर्वांत ताजे असत. टीव्ही बंद. त्यांना उजवीकडचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांच्या डाव्या हाताला बसलो. एका वेळी एकच प्रश्न, आणि उत्तराला भरपूर वेळ. मध्ये कुणी शब्द पुरवायचा नाही. आधी खात्री करून घेतली: 'आपण आत्ता दवाखान्यात आहोत का?' मान आडवी. 'ही तुमची बहीण का?' ताईंकडे बघून हसले, मान आडवी. म्हणजे हो आणि नाही भरवशाचं होतं. मग प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न सुलटा आणि उलटा, असा दोनदा. आणि सगळं पुन्हा दुसऱ्या एका सकाळी. दोन्ही दिवशी तेच उत्तर आलं तरच ते धरायचं.

'या आजाराचं पुढे काय होईल असं तुम्हाला वाटतं?'

बराच वेळ गेला. 'जाणार,' ते म्हणाले. मग भावाकडे बोट केलं. 'हा... रडतो.' शेकांच्या रांगेत बसलेले असताना भाऊ जिन्यात जाऊन फोनवर रडायचा, ते त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. ताईंना सत्य त्या क्षणी कळलं, असं भावाला वाटलं. ताई म्हणाल्या, 'मला शेकांच्या आधीच कळलं होतं.' तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही एकमेकांना जपत गप्प होते.

पुन्हा पुण्याला मोठं ऑपरेशन? नाही. श्वासाचं मशीन? नाही. घरीच? हो, दोन्ही दिवशी, अंगठा वर करून. दुखू नये? जोरात हो.

आणखी एक प्रश्न होता आणि तो आमच्या यादीत नव्हता. भावानं पुतणीसाठी स्थळ बघायला सुरुवात केली होती. बापाच्या हातून कन्यादान व्हावं, पोरीचं मार्गी लागलेलं त्यानं बघावं, ही त्याची तळमळ होती. बाप आजारी पडला की घाईनं उरकलेली अशी लग्नं आम्हाला नेहमी दिसतात. मुलगी १९ वर्षांची. तिला कुणी विचारलं नव्हतं. ताईंनीच तात्यांना विचारलं, 'पोरीचं लग्न आत्ता उरकून टाकायचं का?' तात्यांची मान इतक्या जोरानं हलली की सिस्टरनी खांदा धरला. 'शिक... शिक,' एवढाच शब्द येत राहिला. ताईंनी उलटं विचारलं, 'शिकू द्यायचं?' अंगठा वर. दुसऱ्या सकाळी मुलगीही समोर होती. उत्तर तेच आलं. हे सगळं त्यांच्या संमतीनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

इच्छापत्रासारखा कागद तेव्हाच केला. ९ मार्च २०१८ च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे पुढे सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तात्यांना प्रश्न समजतात आणि उत्तरं सुसंगत आहेत, अशी तपासणीची नोंद आम्ही तारखेसह फाइलमध्ये केली. त्याच आठवड्यात पगाराचं बँक खातं ताईंसोबत जोडलं, भविष्यनिर्वाह निधीचं नामनिर्देशन तपासलं. तिथे अजून त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव होतं. बऱ्याच घरांचा समज असतो की मुखत्यारपत्र केलं म्हणजे झालं. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की साधं मुखत्यारपत्र संपतं, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच ते निकामी होतं. सही करता येते आहे तोवरच ही कामं उरकावी लागतात, आणि ती सांगण्याची जबाबदारी मी वैद्यकीय पथकाचीच मानतो, कारण किती वेळ उरला आहे हे वकिलाला किंवा बँकेला कळू शकत नाही.

गाठ परत आली

नवव्या महिन्यात उजवा हात गळू लागला. एमआरआयमध्ये गाठ वाढलेली दिसली. पुढे पर्याय होते: दुसरं ऑपरेशन, लोमस्टीन ही केमोथेरपीची गोळी, किंवा गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी बेव्हॅसिझुमॅबची इंजेक्शनं. भावानं अर्धा एकर विकायची तयारी केली, गिऱ्हाईकही आणलं.

तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. काही रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा होतो: गाठ सोयीच्या जागी असेल, माणूस चालता-बोलता असेल तर. तात्यांची गाठ भाषेच्या आणि हालचालीच्या भागात शिरलेली होती. बेव्हॅसिझुमॅबनं सूज उतरते, स्कॅन सुधारतो, डेक्सामेथासोन कमी करता येतं. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत लोमस्टीनला त्याची जोड देऊनही आयुष्य वाढलं नाही. हे आम्ही आणि कॅन्सरतज्ज्ञांनी भावासमोर मांडलं. मग ताईंनी मोबाइल काढून ते रेकॉर्डिंग लावलं. भावानं ते पाहिलं, उठून बाहेर गेला, आणि गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणाला. तात्यांच्या तोंडून आलेलं ते 'नाही' नसतं, तर ताईंना ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं असतं, आणि मग 'हिनंच उपचार थांबवले' हे त्या गावात त्यांना आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

शेवटचे आठवडे

अंगातली ताकद गेल्यावर कामं बदलली. हवेची गादी भाड्यानं आणली. जुन्या नऊवारीची घडी पाठीखाली घालून दोघांनी दोन टोकं धरून कूस कशी बदलायची, ते मुलगीच सर्वांत चांगलं शिकली. दिवसा दर दोन तासांनी कूस, रात्री जमेल तशी. पाठीला जखम झाली नाही. डायपर, गादी, गाडीभाडं, येणारी मावशी यांतलं काहीही विम्यात बसलं नाही. ऑपरेशन आणि शेकांचा खर्च निघाला होता. घर पोखरलं ते या रोजच्या खर्चानं.

एक वेळ अशी आली की ताई पार थकल्या. तेव्हा थोडे दिवस बाहेर ठेवण्याचा विचार झाला. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून. दोन्हीकडे सेवा मोफत असते. ताईंनी नको म्हटलं, पण असं ठिकाण आहे हे कळल्यावरच त्यांना बरं वाटलं, असं त्या नंतर म्हणाल्या. शेवटी मुलगी परीक्षेच्या अभ्यासाची पुस्तकं घेऊन महिनाभर घरी आली.

सर्वांत अवघड प्रश्न जेवणाचा झाला. गिळताना ठसका लागू लागला. नाचणीची दाट आंबील, मऊ भात, अर्धवट बसवून, हनुवटी खाली घेऊन, छोट्या चमच्यानं. पुढे तेही जाईना. आजींनी हट्ट धरला: नाकातून नळी टाका, निदान सलाईन लावा, माझ्या पोराला उपाशी मारू नका. आपल्याकडे माणसाला उपाशी जाऊ देणं यासारखं पाप नाही, आणि आजींचं दुःख मला पूर्ण समजत होतं. मी त्यांच्यापाशी खाली बसून सांगितलं की तात्यांचं शरीर आता अन्न मागतच नाही, भूक आजारानंच बंद केली आहे. नळीनं घातलेलं फुफ्फुसात गेलं तर गुदमरणं होईल. आणि झोप गाढ होत असताना सलाईनचं पाणी छातीत आणि पायांत साचतं. ओठ आणि जीभ कोरडी पडते ती तहान मात्र भागवायची. आजींनी ते काम घेतलं. कापसाच्या बोळ्यानं थंड पाणी, ओठांना तूप, आणि एकादशीला तुळशीचं पाणी.

ग्लायोब्लास्टोमात शेवटी प्रचंड डोकेदुखी होते असं सगळे घाबरून असतात. बऱ्याच रुग्णांत तसं होत नाही. झोप वाढत जाते, जागं असणं कमी होत जातं. तात्यांना काही दिवस डोकेदुखी होती, कपाळावर आठ्या आणि कण्हणं यावरून कळायची. डेक्सामेथासोन थोडं वाढवलं, मॉर्फिन छोट्या डोसमध्ये दिलं. मॉर्फिन मिळणं अजूनही तालुक्याच्या मेडिकलमध्ये शक्य नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्याची गुंतागुंत कमी झाली, तरी ते ठेवणाऱ्या संस्था मोजक्याच. आमच्याकडून भाऊ मोटारसायकलवर घेऊन जायचा.

गोळ्या गिळणं बंद झाल्यावर फिटची औषधं कशी द्यायची हे आधीच ठरलेलं होतं. दंडाच्या कातडीखाली एक बारीक सुई चिकटवून ठेवली, सिस्टरनी मिडाझोलामच्या सिरिंज भरून, वेळ लिहून दिल्या, आणि ताईंनी त्या दिल्या. शेवटच्या दोन दिवसांत घशात घरघर सुरू झाली. त्याची कल्पना आम्ही आधी देऊन ठेवली होती: खोकून काढता न आलेली लाळ आहे, त्यांना गुदमरल्यासारखं होत नाही, कुशीवर वळवायचं. त्याच सुईतून लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट दिलं. डेक्सामेथासोन त्याआधी थांबवलं होतं. निदानानंतर तेराव्या महिन्यात, एका दुपारी, घरात सगळे असताना तात्या गेले. गावातल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं असल्यानं त्यांनी येऊन तपासलं आणि घरी झालेल्या मृत्यूसाठीचा ४ए नमुना भरून दिला. हा कागद आधी ठरला नसेल तर घरचे प्रेत घेऊन रुग्णालयात धावतात आणि कधी कधी शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाते. ते टळलं.

नंतर

तेरावं झाल्यावर सिस्टर आणि मी गेलो. उरलेल्या मिडाझोलाम आणि मॉर्फिनचा हिशोब करून ते परत घेतलं. ताईंचं प्रेशर १४०/९० होतं. त्यांना दोन रात्री स्वप्नात फिट दिसली होती आणि त्या फवारा शोधत उठल्या होत्या. हे बऱ्याच जणांना होतं, महिना-दोन महिन्यांत उतरतं, नाही उतरलं तर आम्हाला कळवा, असं सांगितलं. मुलीनं परीक्षा दिली. फंडाचे आणि पेन्शनचे कागद नाव बदललेलं असल्यानं अडले नाहीत.

भाऊ मात्र अंगणातच उभा राहिला. निघताना मला विचारलं, 'दुसरं ऑपरेशन केलं असतं तर?' मी त्याला खरं तेच सांगितलं: कदाचित काही आठवडे मिळाले असते, आणि त्यातले बरेच पुण्यातल्या आयसीयूत गेले असते, तात्यांनी ते नको म्हटलं होतं आणि तू त्यांचं ऐकलंस. त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं. पुढच्या भेटीतही त्यानं हाच प्रश्न विचारला. ताईंपाशी रडायला सगळे आले. जमीन विकायला निघालेल्या धाकट्या भावाला कुणी विचारलं नाही. आता आमची भेट त्याच्याच घरी ठरते, आणि सिस्टर त्याच्याशी बोलतात.